आजोबांचे जीन्स आणि करेलियाचं लोणी

*एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांचं कोलेस्टेरॉल वेगवेगळं का येतं? या प्रश्नाचं उत्तर फिनलंडच्या पूर्व टोकाला, बेरींच्या जंगलात आणि चार घरांच्या खेड्यात सापडतं. सोबत तळी, सॉना आणि करंजीची एक लांबची बहीण!*

फिनलंड म्हटलं की काय आठवतं? नोकिया, सांताक्लॉज, नॉर्दर्न लाइट्स. फार तर फॉर्म्युला वन. पण त्याच देशाच्या अगदी पूर्वेला, रशियाच्या कुंपणाला खेटून एक प्रांत आहे. नाव नॉर्थ करेलिया. निळी तळी, पाइन आणि बर्चची न संपणारी जंगलं, लाल रंगाची लाकडी घरं. कॅलेंडरवर छापायला परफेक्ट! तरीही एकेकाळी हा प्रांत जगभर गाजला तो भलत्याच कारणाने. साठच्या दशकाच्या अखेरीस इथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक होतं. ऐन चाळिशीतली, झाडं तोडणारी, बर्फातून मैलोन् मैल स्कीइंग करणारी धट्टीकट्टी माणसं पटापट जात होती.

आता तुम्ही म्हणाल, ट्रॅव्हलच्या पानावर हे हार्ट अटॅकचं टेन्शन कशाला? थांबा. ऑफिसच्या वार्षिक चेकअपचा रिपोर्ट ज्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, त्या सगळ्यांसाठी ही सहल आहे. कारण ‘कोलेस्टेरॉल खाण्यामुळे वाढतं की ते आपल्या रक्तातच असतं?’ या वादाचा निकाल लावायला इतकी झकास जागा दुसरी नाही.

लाकूडतोड्यांच्या देशा

हेलसिंकीहून सुटलेली ट्रेन साडेचार-पाच तासांत तुम्हाला योएनसूला आणून सोडते. योएनसू म्हणजे नदीचं मुख. पिएलिसयोकी नावाची नदी इथे तळ्याला मिळते, म्हणून हे नाव. १८४८ साली रशियन झारच्या हुकमावरून वसलेलं हे गाव आज नॉर्थ करेलियाची राजधानी आहे. राजधानी म्हणजे काय, तर आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाइतकीच वर्दळ! सायकलवरून कॉलेजला जाणारी पोरं, नदीकाठी गळ टाकून बसलेले काका, एलिएल सारिनेन या नामवंत आर्किटेक्टने बांधलेला लाल विटांचा टाउन हॉल आणि मध्यभागी बाजाराचा चौक.

या चौकातच आपली पहिली ओळख होते करेलियन पायशी. फिनिश नाव कार्यालानपिराक्का. नावाला घाबरू नका, चेहरा ओळखीचा आहे. करंजीला मुरड घालतात ना, तशाच चुण्या कडेला घातलेल्या. फक्त ही करंजी वरून उघडी. पारी राय नावाच्या काळपट धान्याची, अगदी पापडासारखी पातळ. आणि आत सारण कसलं? चक्क दुधात शिजवलेला मऊ भात! सहा हजार किलोमीटरवर येऊन गुरगुट्या भात खायला मिळेल असं कुणाला वाटलं होतं? वर मात्र उकडलेलं अंडं कुस्करून लोण्यात कालवलेला गोळा थापतात. एक पाय खाल्ली की दुसरी हातात कधी येते कळतही नाही.

हा लोण्याचा गोळा म्हणजेच आपल्या गोष्टीचा व्हिलन. की हीरो? बघू.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंडला करेलियाचा मोठा भाग सोव्हिएत युनियनला द्यावा लागला. तिकडची माणसं इकडे आली. त्यांना आणि युद्धातून परतलेल्या सैनिकांना छोटे छोटे जमिनीचे तुकडे मिळाले. थंडी एवढी की भाजीपाला पिकायची बोंब. म्हणून मग गाई पाळल्या. दूध, साय, लोणी, चीज, डुकराचं मटण आणि बटाटे हेच जेवण. भाजीला ‘गुरांचा चारा’ म्हणून नाक मुरडणारेही होते. गरिबीतून वर आलेल्या माणसाला ब्रेडवर लोण्याचा जाड थर म्हणजे सुबत्तेची खूण वाटणार नाही तर काय! जंगलातून थकून आलेले लाकूडतोडे सॉनानंतर चीजच्या जाड तुकड्यावर लोणी फासून खायचे, असा किस्सा अजून सांगितला जातो.

याच भागातल्या इलोमान्त्सीला १९५९ मध्ये संशोधक पोचले. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज यांच्या प्रसिद्ध ‘सात देशांच्या अभ्यासा’तली ही एक जागा. जपान, ग्रीस, इटली, युगोस्लाव्हिया, नेदरलँड्स, अमेरिका आणि फिनलंड अशा सात देशांत पूर्व फिनलंडचे पुरुष दोन बाबतींत अव्वल आले: रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार. ही ट्रॉफी कुणालाच नको होती.

आज्जींची पार्टी आणि गावांची मॅच

जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे गव्हर्नर, खासदार आणि स्थानिक मंडळी एकत्र आली आणि सरकारकडे अर्ज केला की आमची माणसं मरतायत, काहीतरी करा. १९७२ मध्ये नॉर्थ करेलिया प्रोजेक्ट सुरू झाला. त्याची सूत्रं दिली पेक्का पुस्का नावाच्या डॉक्टरकडे. वय? तिशीही गाठली नव्हती. म्हणजे आपल्यातलाच!

पुस्का आणि त्यांच्या टीमचा फंडा सोपा होता. एकेका पेशंटला लेक्चर देऊन उपयोग नाही, आख्ख्या प्रांताचं ताट बदलायला हवं. मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेने गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या पार्ट्या’ भरवल्या. आधी स्वयंपाक, मग जेवण, आणि मध्ये पाच मिनिटांचं डॉक्टरांचं बोलणं. करेलियन रश्श्यात मटण थोडं कमी आणि गाजर, कंद जास्त. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबीऐवजी मश्रूम घालायला पटवलं. लोण्याऐवजी थंडीतही उगवणाऱ्या रेपसीडचं तेल आलं. रेपसीड म्हणजे आपल्या मोहरीचीच चुलत बहीण. पण मग गाईवाल्या शेतकऱ्यांच्या पोटाचं काय? त्यांच्यासाठी बेरींची लागवड सुरू झाली.

पुढे गावागावांत कोलेस्टेरॉलची मॅच लागली! ठरावीक मुदतीत ज्या गावाची सरासरी जास्त घसरेल ते गाव विजेतं. क्रिकेटचं वेड असतं ना, तसं तिथे लोकांना शेजारच्या गावाला हरवायचं वेड लागलं.

निकाल बघा. १९७२ मध्ये पुरुषांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल, आपल्या रिपोर्टच्या भाषेत, सुमारे २६५ होतं. २००७ पर्यंत ते २१० च्या आसपास आलं. ३५ ते ६४ वयोगटातल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू १९७० च्या सुमारास दर लाखामागे वर्षाला सुमारे ६७० होते, २००६ मध्ये १०० च्या आसपास. म्हणजे जवळपास ८५ टक्के घट! सिगरेट सुटली, ब्लडप्रेशरवर उपचार झाले, औषधं आणि शस्त्रक्रिया सुधारल्या, बाकीच्या फिनलंडमध्येही मृत्यू घटले, हे सगळं खरंच. पण या घसरणीत सगळ्यात मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरण्याचा मानला जातो.

आता खरी गंमत. पस्तीस वर्षांत माणसांचे जीन्स बदलत नाहीत. कपाटातली जीन्स दरवर्षी बदलते, आजोबांकडून आलेले जीन्स तेच राहतात. मग ‘आमच्या घराण्यातच आहे हो’ म्हणणाऱ्यांचा पराभव झाला का?

इतकं सोपं असतं तर मी इलोमान्त्सीची बस पकडलीच नसती.

कुरियर, पत्ता आणि ट्रॅफिक जॅम

खरं सांगायचं तर मला या प्रकरणात इंटरेस्ट होता तो घरच्या कारणाने. आमचे बाबा सडपातळ, शाकाहारी, रोज पहाटे पर्वती चढणारे. ४६ व्या वर्षी त्यांची बायपास झाली. त्यानंतर आमच्या घरात साजूक तूप देवापुढच्या निरांजनापुरतं उरलं. दादा आणि मी एकाच आईच्या हातचं, एकाच टेबलावर जेवून मोठे झालो. गेल्या वर्षी दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं. माझं कोलेस्टेरॉल १७२, दादाचं २९४. वडापाव दोघांनीही सारखेच हादडलेले! त्या रात्री आई कितीतरी वेळ ओट्यापाशीच उभी होती. तिला वाटत होतं, आपल्या स्वयंपाकातच काहीतरी चुकलं.

फिनलंडमधल्या संशोधकांनाही असाच प्रश्न पडला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नॉर्थ करेलियातल्या मध्यमवयीन स्त्री-पुरुषांना सहा आठवडे कमी चरबीचं, वनस्पती तेलाचं जेवण दिलं. पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल २६० च्या घरातून २०० च्या आसपास उतरलं. मग त्यांना पुन्हा नेहमीचं लोणी-दूध सुरू केलं. कोलेस्टेरॉल सुमडीत मूळ जागी! खाण्याचा परिणाम होतो, हे सिद्ध झालं. पण ती सरासरी होती. कुणाचं धपकन उतरलं, कुणाचं जेमतेम. तेच ताट, मग असं का?

उत्तराचा एक धागा सापडला एपीओई नावाच्या जनुकात. रक्तातली चरबी बारीक पार्सलांमधून फिरते. एपीओई जनुक जे प्रोटीन बनवतं, ते या पार्सलवरचं पत्त्याचं लेबल. लेबल वाचून लिव्हर पार्सल आत घेतं. हे लेबल तीन ‘फॉन्ट’मध्ये येतं: ई-२, ई-३ आणि ई-४. प्रत्येकाला एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. जगात सगळ्यात कॉमन ई-३.

ई-४ वाल्यांच्या आतड्यात जेवणातलं कोलेस्टेरॉल सरासरीने जास्त शोषलं जातं, असं फिनिश संशोधकांना १९८७ मध्ये आढळलं. शिवाय त्यांचं लिव्हर ती पार्सलं भराभर आत घेतं. गोदाम लवकर भरतं. गोदाम भरलं की वॉचमन काय करतो? गेट बंद करायला लागतो. लिव्हरच्या पेशींवरची ही गेट्स म्हणजे एलडीएल रिसेप्टर. गेट्स कमी झाली की एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या गाड्या बाहेर रस्त्यावरच तुंबतात. संध्याकाळी सातचं हिंजवडी आठवा!

करेलियातल्या त्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात पुढे एपीओईचे प्रकार तपासले, तेव्हा ई-४ च्या दोन्ही प्रती असलेल्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये सगळ्यात मोठा चढउतार दिसला. लोणी खाल्लं की सगळ्यात जास्त वर, सोडलं की सगळ्यात जास्त खाली. जगातल्या सगळ्याच अभ्यासांत हा फरक इतका ठळक आला नाही, पण दिशा बऱ्याच ठिकाणी हीच दिसली.

आणि हा ई-४ युरोपात कसा पसरलाय बघा. दक्षिणेकडे इटली-ग्रीसमध्ये कमी आणि उत्तरेकडे जाल तसा वाढत जाणारा. फिनलंडमध्ये दर शंभर प्रतींमागे सुमारे वीस ई-४ असतात. साधारण तीन फिनिश माणसांतल्या एकाकडे निदान एक तरी प्रत. म्हणजे लोण्याला जास्त जोराने उत्तर देणारी शरीरं आणि जगात सगळ्यात जास्त लोणी खाणारी ताटं, दोन्ही एकाच प्रांतात भेटली! बॉम्बस्फोट व्हायचाच होता. पण म्हणूनच ताट बदलल्यावर फायदाही इतका घसघशीत झाला. ज्या जनुकाला आपण शिक्षा समजतो, ते खरं तर एक कान आहे. तिखट कान. तुम्ही ताटात काय बोलता ते त्याला जरा जास्तच स्पष्ट ऐकू येतं.

बहिणी-बहिणी

इलोमान्त्सी म्हणजे फिनलंडचं पूर्व टोक. पलीकडे रशिया. ही सीमा फिनलंडने २०२३ च्या अखेरीस प्रवाशांसाठी बंद केली, पण अलीकडच्या बाजूला शांतता एवढी की स्वतःच्या जॅकेटची चेन ओढली तरी दचकायला होतं. ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. मी राहिले ते घर एका पंचाहत्तरी पार केलेल्या आजींचं. त्यांची नात योएनसूला युनिव्हर्सिटीत शिकते, सुटीला आली होती. तीच आमची दुभाषी.

सकाळी आजींनी बादल्या काढल्या आणि आम्ही बेरी वेचायला निघालो. फिनलंडमध्ये कुणीही कुणाच्याही जंगलात जाऊन बेरी आणि मश्रूम वेचू शकतो. हा सगळ्यांचा हक्क! गुडघ्याएवढ्या झुडपांत निळ्या-काळ्या मुस्तिक्का. करवंदाच्या जाळीत शिरल्यावर होतात तशी बोटं, ओठ, दात सगळं जांभळं. अर्ध्या तासात माझ्या बादलीचा तळ जेमतेम झाकला, आजींची बादली भरली!

बोलता बोलता मी गावांच्या मॅचचा विषय काढला. आजी खळखळून हसल्या. त्यांच्या आईला हे सगळं अजिबात पटलं नव्हतं म्हणे. ‘लोण्याशिवायचा ब्रेड म्हणजे सुतकातलं जेवण,’ असं काहीसं ती म्हणायची. तरुण असलेल्या आजींनी मात्र पार्टीला जाऊन आल्यावर घरातलं लोणी हळूहळू कमी केलं, नवऱ्याला न सांगता. काही महिन्यांत त्यांचा आकडा चांगलाच उतरला.

‘आणि थोरल्या बहिणीचा नाही उतरला,’ नात म्हणाली.

आजी जरा गप्प झाल्या. थोरली बहीण अधिक काटेकोर होती. तिने लोणी सोडलं, साय सोडली, सिगरेट तर कधी ओढलीच नव्हती. तरीही आकडा हलेना. गावातल्या बायका म्हणायच्या, ही चोरून खात असणार. पुढे कितीतरी वर्षांनी तिची तपासणी झाली आणि कळलं की तिला ‘ती करेलियातली’ आहे.

‘ती’ म्हणजे एफएच, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. यात पत्त्याच्या लेबलात बिघाड नसतो. गेट बनवणाऱ्या जनुकाची एक प्रतच मोडकी असते. जन्मापासूनच गेट्स निम्मी! मग रस्त्यावर गाड्या कमी सोडल्या तरी जॅम व्हायचा तो होतोच. या गेटचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. जगात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला एफएच असतं. नॉर्थ करेलियात त्याचा एक खास स्थानिक प्रकार आहे. त्याचं नावच ‘एफएच-नॉर्थ करेलिया’. गेटच्या जनुकातली सात अक्षरं गळालेली, बस्स. थोड्या कुटुंबांनी वसवलेल्या, जगापासून तुटलेल्या खेड्यांत कुणा एका पूर्वजाकडची ही चूक पिढ्यान् पिढ्या चालत आली आणि आज या प्रांतातल्या बहुतेक एफएच कुटुंबांत तीच सापडते.

थोरल्या बहिणीला गोळ्या सुरू झाल्या. स्टॅटिन्स. ही औषधं लिव्हरला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवू देत नाहीत, मग लिव्हर नाइलाजाने उरलेली गेट्स वाढवतं. आकडा उतरला. ती आज ८१ वर्षांची आहे. पण गावातल्या बायकांनी तिची माफी मागितली का, हे मी विचारलं नाही.

मला आई आठवली. ओट्यापाशी उभी असलेली.

पंचवीस अंडीवाले आजोबा

‘माझे आजोबा तर...’ अशी सुरुवात होणारा डायलॉग प्रत्येक ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकू येतो. अशा आजोबांचे चॅम्पियन करेलियात नव्हे, अमेरिकेत होते. १९९१ मध्ये एका नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये एका ८८ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत छापून आली. ते रोज सुमारे पंचवीस उकडलेली अंडी खायचे! तीही वर्षानुवर्षं. कोलेस्टेरॉल? नॉर्मल. तपासलं तर त्यांचं आतडं अंड्यातलं कोलेस्टेरॉल फारच कमी शोषून घेत होतं आणि शरीर उरलेल्याचं पित्तात रूपांतर करून बाहेर टाकत होतं.

असे आजोबा असतात. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांचे जीन्स तुमच्याकडे आले आहेत याची गॅरंटी काय? तुमच्यात चार आजी-आजोबांचा मसाला आहे आणि पत्ते पिसून वाटलेत. माझ्या वाट्याला एक पान आलं, दादाच्या वाट्याला दुसरं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. अंड्यातलं कोलेस्टेरॉल आणि लोणी, तूप, साय, पाम तेल यांतली सॅच्युरेटेड चरबी या वेगळ्या गोष्टी. बहुतेकांच्या रक्तातला आकडा जास्त हलवते ती ही चरबी, अंडं त्यामानाने कमी. आणि करेलियाने तेच बदललं.

तरी मोह काही संपत नाही. २००७ ते २०१२ च्या दरम्यान फिनलंडमध्ये कमी कार्ब्जची आणि लोण्याची फॅशन परत आली. इतकी वर्षं उतरत आलेलं सरासरी कोलेस्टेरॉल लगेच किंचित वर सरकलं. जीन्स तेच, कान तसाच तिखट!

कोली: चढायला सोपं, विसरायला अवघड

करेलियात येऊन कोली न बघता परतलात तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच. योएनसूपासून गाडीने तासभर. उक्को-कोली हे शिखर फक्त ३४७ मीटर. सिंहगड चढणाऱ्यांना हसू येईल! पण माथ्यावरच्या पांढऱ्या खडकावर पोचलात की हसू विरतं. खाली पिएलिनेन तळं, त्यात शेकडो बेटं आणि क्षितिजापर्यंत फक्त जंगल. संगीतकार सिबेलियस १८९२ मध्ये हनीमूनला इथे आला होता. चित्रकार एरो यार्नेफेल्टने हे दृश्य पुनःपुन्हा रंगवलं. १९९१ पासून हे नॅशनल पार्क आहे.

वाटेवरच्या पाइनच्या झाडांना हात लावून बघा. या झाडांचाही आपल्या कथेत छोटासा रोल आहे. लाकडाचा लगदा करताना मिळणाऱ्या तेलात स्टेरॉल नावाचे पदार्थ असतात. ते आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात, त्यामुळे ते कमी शोषलं जातं. फिनलंडने त्यापासून ब्रेडला लावायचं मार्जरिन बनवलं आणि ते १९९५ मध्ये बाजारात आलं. त्याची वर्षभराची चाचणी कुठे झाली? बरोबर, नॉर्थ करेलियात! एकूण कोलेस्टेरॉल सुमारे दहा टक्क्यांनी उतरलं. ज्या जंगलात लाकूडतोडे छातीला हात लावून कोसळत होते, त्याच जंगलातून ही मदत आली.

मग आपण काय करायचं?

फिनलंडच्या मानाने आपल्याकडे ई-४ बराच कमी आहे. म्हणून लगेच बटर पावभाजी ऑर्डर करू नका! अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा सरासरी सुमारे सहा वर्षं आधी, ५३ व्या वर्षी आलेला दिसला. आपल्या पत्त्यांत वेगळे जोकर आहेत: डायबेटिस, पोटाचा घेर, कमी असलेलं ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल.

महागडी जीन टेस्ट करायची का? घाई नको. ई-४ चा संबंध उतारवयातल्या अल्झायमरशीही आहे. ते उगाच कळून रात्रीची झोप उडवण्यात काय पॉइंट? करेलियातल्या बायकांनी जीन टेस्ट केली नव्हती. त्यांनी रक्त तपासलं, ताट बदललं, पुन्हा रक्त तपासलं. सहा ते आठ आठवडे तुम्हीही करून बघा. आकडा धपकन उतरला तर तुमचा कान तिखट आहे. अभिनंदन, ताट हेच तुमचं औषध. मनापासून सगळं पाळूनही आकडा हललाच नाही, एलडीएल १९० च्या वर असेल किंवा घरात पुरुषाला ५५ च्या आत, बाईला ६० च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना एफएचबद्दल नक्की विचारा. आणि एकाला निघालं तर सख्ख्या भावंडांची, मुलांची तपासणी करा. प्रत्येकाला ते असण्याची शक्यता निम्मी असते.

दादाचं एलडीएल २१० होतं. मी योएनसूहून त्याला फोन केला आणि थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. तो आधी ‘गोळ्या म्हाताऱ्यांसाठी असतात’ वगैरे म्हणाला. मग आईने फोन घेतला. ‘म्हणजे माझ्या फोडणीचं काही नाही ना त्यात?’ तिने विचारलं.

नाही गं आई. फोडणीचं काही नाही.

पुढच्याच आठवड्यात दादा डॉक्टरकडे गेला. गोळ्या सुरू झाल्यात. तेलही बेतानेच चालू आहे, कारण गेट्स कमी असली तरी गाड्या कमी सोडलेल्या बऱ्याच!

करेलियाला जाताय?

कसं जाल: मुंबईहून युरोपात किंवा आखातात विमान बदलून हेलसिंकी. तिथून ट्रेनने योएनसू. शेंगेन व्हिसा लागतो, चलन युरो.

कधी: बेरींसाठी ऑगस्ट ते सप्टेंबर. न मावळणाऱ्या संध्याकाळींसाठी जून. बर्फ हवा असेल तर फेब्रुवारी-मार्च, पण थर्मल्स विसरू नका.

काय खाल: करेलियन पाय, रायचा ब्रेड, ताजे मासे, बेरींचं काहीही. शाकाहारी मंडळींनी पाय घेताना अंड्याचं लोणी नको म्हणून आधीच सांगावं.

काय कराल: कोलीचा ट्रेक, इलोमान्त्सीची भटकंती, तळ्याकाठचा लाकडाचा सॉना आणि नंतर थेट गार पाण्यात उडी. हार्टचा त्रास किंवा ब्लडप्रेशर असेल तर ही उडी मारण्याआधी डॉक्टरांना विचारा.

काय आणाल: सुकवलेल्या बेरी. आणि घरी पोचल्यावर ड्रॉवरमधला तो रिपोर्ट बाहेर काढा!